ओव्हनवर आळ

नाताळ जवळ आला की या स्तंभाच्या टपालात एकच तक्रार वाढते. चॉकलेट केक फुगला छान, बाहेर काढला आणि मधे बसला. पुढचा प्रश्नही ठरलेला: ओव्हन बदलावा का? बदलू नका. हजाराच्या आत मिळणारा वजनकाटा घ्या.

आपलं स्वयंपाकघर अंदाजावर चालतं आणि त्यात कमीपणा काही नाही. आमटी आंबट झाली तर गूळ घालता येतो, पातळ झाली तर आटवता येते. केक एकदा आत गेला की आपला हात संपला. म्हणजे जे काय मोजायचं ते आधीच. आणि मोजतो कशाने? पाककृतीतला कप 240 मिलिलिटरचा. घरातल्या चहाच्या कपात त्याच्या जेमतेम निम्मं मावतं. सगळं त्याच कपाने घेतलं की प्रमाण बिघडत नाही, असं बऱ्याच जणी सांगतात. मैदा, साखर, तेलापुरतं ते खरंच आहे. पण चमचा मात्र पाककृतीतलाच राहतो! निम्म्या मैद्यात पुरा सोडा पडतो, केक भराभर वर येतो, आतलं पीठ शिजून घट्ट व्हायच्या आधीच बुडबुडे फुटतात आणि सगळा डोलारा खाली येतो. वर साबणासारखी चव. 125 ग्रॅम मैद्याला पाव टीस्पून खायचा सोडा पुरतो. बेकिंग पावडर असेल तर साधारण एक टीस्पून. एकाच्या जागी दुसरं तेवढंच घातलं की घोळ झालाच. मोठा कप असूनही गडबड होते, कारण डब्यात दाबून भरलेला कप दीडशे ग्रॅमपर्यंत जातो आणि सैल भरून सुरीने सपाट केलेला सव्वाशेच्या आतबाहेर राहतो.

आता कोको. नेदरलँड्सच्या व्हान हाउटेन घराण्याने 1828 मध्ये कोकोतलं लोणी दाबून काढण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. कोकोवर अल्कलीची प्रक्रिया करायची रीतही त्यांचीच. असा 'डच' कोको गडद आणि सौम्य, पण त्यातला आंबटपणा गेलेला. साधा कोको आम्लधर्मी असतो, सोड्याला थोडं काम देतो. डच कोको वापरून नुसता सोडा घातला, दही नाही, व्हिनेगर नाही, तर सोडा कुणाच्या जिवावर फसफसणार? डब्यामागची घटकयादी वाचा. अल्कलीचा किंवा आम्लता नियंत्रकाचा उल्लेख बहुधा तिथे सापडतो. आणि दुधात घालायची चॉकलेट पावडर म्हणजे कोको नव्हे. तिच्यात बरीचशी साखरच असते, आणि जास्तीची साखर केकला मऊ करता करता बसवते. बिनअंड्याच्या केकला तर हे अजिबात सोसत नाही: अंडं शिजून जो आधार देतं तो तिथे नसतोच. कंडेन्स्ड मिल्कमध्ये आधीच भरपूर साखर असताना वरून वाटीभर पिठीसाखर घालणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.

भांड्याचं एक गणित राहिलं. आठ इंची गोल भांड्याचा तळ सहा इंचीच्या पावणेदोनपट असतो. आठ इंचीसाठीचं मिश्रण सहा इंचीत ओतलं की थर तेवढाच जाड होतो. कडा करकरीत, गाभा कच्चा. साध्या केकचा रंग निदान काही सांगतो, चॉकलेट केक कच्चाही काळा आणि जळलाही काळाच. म्हणून कडा भांड्यापासून सुटल्या का, मधे बोट टेकवल्यावर केक परत वर येतो का, हे बघा. पहिली वीस-पंचवीस मिनिटं दार उघडू नका.

ओव्हनला एकच दोष मी देईन. वरचा रॉड चालू राहिला तर साय आधी धरते आणि आतलं मिश्रण तिला फोडून वर येतं. केकला शेंडी येते ती त्यामुळे. बाकी आकडा 180 दाखवत असला तरी आत किती आहे ते ओव्हन थर्मामीटरच सांगतो.

बसलेला केक मधेही शिजला असेल तर टाकू नका. क्रीम आणि चॉकलेट सारख्या वजनाने घ्या, क्रीम गरम करून चॉकलेटवर ओता, ढवळा, खड्डा भरा. गाभा कच्चा असेल तर कडेचा भाग कापून खा. निवालेला केक पुन्हा ओव्हनमध्ये घातला तर तो फुगत नाही, नुसता वाळतो.