ओळखीच्या नावाने

१३ जून २०१६. कार्यकर्ते रोना विल्सन यांना कवी वरवरा राव यांच्या खात्यावरून मेल आले: सोबतची फाईल बघा. भरवशाचं नाव, त्यामुळे त्यांनी ती उघडली आणि 'नेटवायर' हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर लॅपटॉपात शिरलं. बोस्टनजवळच्या 'आर्सेनल कन्सल्टिंग' या डिजिटल तपासणी कंपनीच्या अहवालानुसार तो पुढे बावीस महिने परक्याच्या ताब्यात होता. पुण्याच्या एल्गार परिषद खटल्यात पुरावा म्हणून दाखवलेली पत्रं त्यात बाहेरून घातली गेली, असंही अहवाल म्हणतो. तपास यंत्रणा एनआयएला हे अमान्य. 'आर्सेनल'नेही हल्लेखोराचं नाव घेतलेलं नाही. पण चोर घरातून काही नेण्याऐवजी ठेवून जातो, तेव्हा फायदा कुणाचा, हे विचारायला नको?

जामसंडेकरांना हे दूरचं वाटू नये. आपल्याच देवगड तालुक्यातलं गिर्ये-रामेश्वर नाणार रिफायनरीसाठी ठरलेल्या गावांच्या यादीत होतं. निवेदनं, नकाशे, नोटिसा आपणही मोबाइलवरच उघडतो.

विल्सन यांना याच खटल्यात अटक २०१८ मध्ये झाली. जामीन मिळाला जानेवारी २०२५ मध्ये.