नोटेवरची मास्तरीण

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक गंमत झाली. एका सभासद बाईंचा मुलगा कंपनीच्या कामासाठी जपानला जाऊन आला. त्याने आणलेली पाच हजार येनची नोट त्या सगळ्यांना दाखवायला घेऊन आल्या होत्या. जांभळट रंगाची नोट आणि तिच्यावर चक्क एका बाईचं चित्र! नोट हातोहात फिरली. "कुठली राणी गं ही?" कुणीतरी विचारलं. त्या म्हणाल्या, "राणी नाही, मास्तरीण आहे. मुलींची शाळा काढली होती म्हणे हिने." सगळ्या क्षणभर गप्पच झाल्या. मास्तरीण, आणि नोटेवर?

घरी आले तरी ती बाई डोक्यातून जाईना. मिळेल ते वाचत गेले, तेव्हा कळलं की २००० सालापासून जपानच्या नोटांवर अशा तीन स्त्रिया आल्या आहेत. तिघी लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या. जपान म्हटलं की आपल्याला सामुराई, किमोनो आणि बुलेट ट्रेन आठवते. पण या तिघींची गोष्ट ऐकली की त्या देशातल्या बाईचा हजार वर्षांचा प्रवास समोर येतो.

पहिली मुरासाकी शिकिबू. २००० साली निघालेल्या दोन हजार येनच्या नोटेच्या मागच्या बाजूला, कोपऱ्यात तिचं छोटंसं चित्र आहे. ही हजार वर्षांपूर्वीची. त्या काळी जपानात विद्या म्हणजे चिनी भाषेतली विद्या, आणि ती पुरुषांची. हिचे वडील पंडित. ते मुलाला शिकवत, तेव्हा ही जवळ बसून ऐकायची आणि भावाच्या आधी तिचं पाठ व्हायचं. वडील हळहळायचे, ही मुलगा असती तर! हे तिनेच आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलंय. पुढे राजवाड्यात राणीला चिनी कविता शिकवायची, तीही गुपचूप, कुणाच्या डोळ्यावर येऊ नये म्हणून.

बायकांच्या वाट्याला उरली ती 'काना' नावाची सोपी लिपी, बोलीभाषा लिहिण्याची. तिला नावच होतं 'बायकी अक्षर'. पण त्याच अक्षरात मुरासाकीने 'गेंजीची कहाणी' लिहिली. तब्बल ५४ अध्याय! जगातल्या पहिल्या कादंबऱ्यांमध्ये तिची गणना होते. त्याच्याही आधी, इसवी सन ९३५ च्या सुमारास, एका नामवंत पुरुष कवीला आपलं प्रवासवर्णन बोलीत लिहायचं होतं, तर त्याने ते बाई लिहितेय असं भासवून लिहिलं. आहे की नाही मजा? आणि एवढं करून या थोर लेखिकेचं खरं नाव मात्र खात्रीने कुणालाच ठाऊक नाही. 'शिकिबू' हे वडिलांच्या हुद्द्यावरून आलेलं आणि 'मुरासाकी' हे तिच्याच कादंबरीतल्या नायिकेचं नाव.

दुसरी हिगुची इचियो, २००४ सालच्या पाच हजारांच्या नोटेवरची. जन्म १८७२ चा. शाळेत हुशार, पण मुलीने शिवण-टिपण आणि घरकाम शिकावं म्हणून आईने अकराव्या वर्षी शाळा सोडायला लावली. (ओळखीचं वाटतंय ना?) वडील १८८९ मध्ये गेले आणि आई व बहिणीचा भार हिच्यावर आला. शिवणकाम केलं, एका गरीब वस्तीत किरकोळ सामानाचं दुकान टाकलं, तेही चाललं नाही. त्या वस्तीत पाहिलेल्या मुलांच्या, बायकांच्या कथा तिने लिहिल्या आणि नाव झालं. पण १८९६ मध्ये, अवघ्या चोविसाव्या वर्षी, क्षयाने गेली. जिला आयुष्यभर पैशाची चणचण पडली, तीच शेवटी नोटेवर आली!

आणि तिसरी आमच्या बैठकीत हिंडलेली, त्सुदा उमेको. जुलै २०२४ मध्ये इचियोच्या जागी ही आली. १८७१ साली जपान सरकारने शिकण्यासाठी पाच मुली अमेरिकेला पाठवल्या, त्यांतली ही सर्वांत धाकटी, सहा वर्षांची. अकरा वर्षांनी परतली तेव्हा स्वतःची भाषाच विसरली होती. देशात पाहते तर मुलींचं शिक्षण म्हणजे 'चांगली पत्नी, शहाणी आई' होण्यापुरतं. तिने पुन्हा परदेशी जाऊन उच्च शिक्षण घेतलं आणि १९०० मध्ये दहा मुलींना घेऊन शाळा काढली. तिचंच आज त्सुदा विद्यापीठ झालं आहे.

याच सुमाराला, १९०१ मध्ये, नारुसे जिन्झो यांनी तोक्योत महिला विद्यापीठ काढलं. त्याची माहिती देणारी पुस्तिका पुण्यात महर्षी कर्व्यांच्या हाती पडली आणि १९१६ मध्ये आपल्याकडचं महिला विद्यापीठ उभं राहिलं. म्हणजे आपल्यातली जी कुणी एस.एन.डी.टी.त शिकली, तिचा जपानशी असा धागा आहे.

पण मैत्रिणींनो, नोटेवर चित्र आलं म्हणजे सगळं मिळालं असं नाही. १८९८ च्या कायद्याने जपानी बाईला नवऱ्याच्या संमतीवाचून साधा करारसुद्धा करता येत नव्हता. महायुद्धातल्या पराभवानंतर, एप्रिल १९४६ मध्ये तिने पहिल्यांदा संसदेसाठी मत दिलं आणि त्या एका निवडणुकीत ३९ स्त्रिया निवडून आल्या. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये साने ताकाइची पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. तरीही तिथे लग्नानंतर दोघांनी एकच आडनाव लावायचं, असा कायदा आहे. कुणाचं ते जोडप्याने ठरवायचं, पण शंभरातल्या सुमारे पंचाण्णव घरांत बदलतं ते बायकोचंच. न्यायालयाने २०१५ आणि २०२१ मध्येही तो कायदा कायम ठेवला. हजार वर्षांपूर्वीच्या लेखिकेचं नाव हरवलं होतं आणि आजची बाई स्वतःच्या नावासाठी अजून भांडते आहे.

बाईला मखरात बसवायला कुठलाच समाज कचरत नाही. तिची सही, तिचं नाव, तिचं शिक्षण यांचा प्रश्न आला की मात्र "बघू पुढं" होतं.

म्हणून एकच सांगावंसं वाटतं. भावाच्या शिकवणीच्या वेळी दाराशी रेंगाळणारी, त्याचे पाढे त्याच्याआधी म्हणणारी एखादी पोर तुमच्या घरात, शेजारी नक्की असेल. तिला पाहून "मुलगा असती तर" असं म्हणू नका. तिला आत बोलवा आणि पाटी तिच्याही पुढ्यात ठेवा.