आपली वही आपल्या घरी

व्यापारी पेढीत रोजमेळ आणि खतावणी यांची जागा ठरलेली असे. दिवाणजी कितीही विश्वासू असला तरी रात्री वह्या मालकाच्या कपाटात जात. ग्राहक कोण, कोणास किती उधार दिले, कोणता माल कोणत्या भावाने घेतला, ही माहिती म्हणजेच पेढीचे खरे भांडवल, हे आमच्या वाडवडिलांस कोणी शिकवावे लागले नाही. आज त्याच वह्या, त्याच पावत्या, घरच्या मंगलकार्यांची छायाचित्रे आणि वडीलधाऱ्यांच्या वैद्यकीय तपासण्यांचे कागद दूरच्या कंपन्यांच्या यंत्रांवर ठेवलेले असतात. भाडे थकले वा कंपनीने अटी बदलल्या, की कपाटाची किल्ली दुसऱ्याच्या हाती असल्याचे ध्यानात येते.

‘क्लाउड’ या शब्दामुळे माणूस आकाशाकडे पाहू लागतो. वस्तुतः हा ढग जमिनीवरच आहे, आणि त्याचा मोठा भाग आमच्याच शहराच्या परिसरात उतरला आहे. अ‍ॅमेझॉनने आपल्या संगणकसेवेचे हैदराबाद क्षेत्र नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू केले. म्हणजे बेगमबाजारातील एखाद्या व्यापाऱ्याची वही कदाचित त्याच्या दुकानापासून तासाभराच्या वाटेवर असेल. परंतु ती उघडावयाची तर परवानगी परक्याचीच.

ही भीती काल्पनिक नाही. गुजरातेत वाडिनार येथे तेलशुद्धीकरण कारखाना चालविणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीवर जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने निर्बंध घातले. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबविल्या आणि कर्मचाऱ्यांचा पत्रव्यवहार अडला. भारतातील कोणत्याही कायद्याने तसे सांगितले नव्हते. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. एवढ्या मोठ्या कंपनीस न्यायालयाचे दार ठोठावता आले. किराणा, कापड वा औषधांच्या व्यापाऱ्याने कोणते दार ठोठवावे?

म्हणून निदान महत्त्वाच्या कागदांची एक प्रत आपल्याच घरातील वा दुकानातील सर्व्हरवर असावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. सर्व्हर म्हणजे वातानुकूलित दालनातील अजस्र यंत्र नव्हे. दिवसरात्र चालू राहून घरातील इतर यंत्रांस सेवा देणारा कोणताही साधा संगणक सर्व्हरच होय. ज्यांच्या दुकानी टॅलीचा हिशेब एका संगणकावर असतो आणि बाकीचे संगणक त्यावरून वाचतात, त्यांनी हे काम नाव न घेता पूर्वीच आरंभिले आहे.

यंत्र विकत घेण्याची घाई नको. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार संपला, आणि चांगले चालणारे असंख्य संगणक नव्या प्रणालीस अपात्र ठरून अडगळीत पडले. त्यांतील एकावर डेबियनसारखी मुक्त प्रणाली विनामूल्य चढविता येते. मात्र विजेचा हिशेब आधी करावा. सरासरी ६० वॅट ओढणारा जुना संगणक अखंड चालल्यास महिन्यास सुमारे ४३ युनिटे घेतो. १५ वॅटचा लहान संगणक सुमारे ११. कोणता स्वस्त पडेल ते ज्याने त्याने आपले वीजबिल समोर ठेवून ठरवावे. त्यास यूपीएस जोडावा आणि मे महिन्यात माळ्यावरच्या बंद खोलीत ठेवू नये, एवढे सांगणे पुरे.

पहिली सेवा एकच असावी. तरुण मंडळींचा उत्साह असा असतो की पहिल्याच रविवारी दहा सेवा सुरू होतात आणि दिवाळीपर्यंत त्यांतील एकही धड चालत नाही. नेक्स्टक्लाउड या मुक्त प्रणालीने पावत्या, करार आणि कागदपत्रे घरच्या साऱ्या यंत्रांवरून उघडता येतात. छायाचित्रांसाठी इमिच आहे. हे सहा महिने नीट चालले, म्हणजे संपूर्ण हिशेबासाठी ईआरपीनेक्स्टचा विचार करावा. ती मुंबईच्या फ्रापे या कंपनीने घडविलेली मुक्त प्रणाली असून स्वतःच्या सर्व्हरवर चालविता येते. ईमेलची सेवा मात्र घरून चालविण्याच्या फंदात पडू नये. घरगुती जोडणीवरून गेलेली पत्रे मोठ्या कंपन्यांचे सर्व्हर पुष्कळदा संशयाने नाकारतात, आणि मागणीचे पत्र न पोहोचणे व्यापाऱ्यास परवडत नाही.

बाहेरगावाहून घरचे यंत्र पाहता यावे, ही इच्छा रास्त आहे. परंतु त्यासाठी घराचा दरवाजा साऱ्या जगास उघडा ठेवणे म्हणजे दुकानाचे शटर रात्रभर वर ठेवणेच. वायरगार्ड या पद्धतीने केवळ आपल्या यंत्रांपुरता गुप्त मार्ग करता येतो. अनेक इंटरनेट कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटून देतात, तेव्हा स्वतंत्र पत्ता मिळतो काय हे आधी विचारून घ्यावे.

आता प्रतींविषयी. वस्तू व सेवा कराच्या कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. कंपनी म्हणून नोंदलेल्या संस्थांनी हिशेबाची प्रत रोजच्या रोज भारतातील सर्व्हरवर ठेवावी, असा नियम ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीने झाला. घरी सर्व्हर आणला म्हणून ही जबाबदारी टळत नाही. उलट ती आपल्याच शिरावर येते. एकच डिस्क म्हणजे एकच वही. २८ सप्टेंबर १९०८ च्या मुसी नदीच्या महापुराने काय केले ते या शहरास सांगावयास नको, आणि ऑक्टोबर २०२० च्या पावसात तर पाणी कित्येकांच्या घरांत व दुकानांत शिरले. म्हणून दुसरी प्रत दुसऱ्या यंत्रावर आणि तिसरी दुसऱ्या जागी असावी. ती तिसरी प्रत, कुलूपबंद सांकेतिक रूपात, भाड्याच्या क्लाउडवर ठेवण्यासही आमची हरकत नाही. किल्ली आपल्याजवळ असली म्हणजे झाले. शिवाय महिन्यातून एकदा एखादा कागद त्या प्रतीतून परत काढून पाहावा. शिल्लक मोजल्यावाचून रोजमेळ बंद करणारा मुनीम आम्ही पाहिलेला नाही.

आम्हांस खरी चिंता यंत्राची नाही, माणसाची आहे. बहुधा घरातील एकच मुलगा वा मुलगी हे सारे उभे करते. पुढे ती व्यक्ती बंगळुरास वा अमेरिकेस जाते, आणि सर्व्हर कोपऱ्यात लुकलुकत राहतो. परवलीचे शब्द कोणास ठाऊक नसतात. असा सर्व्हर परक्या कंपनीपेक्षाही परका. यास्तव यंत्र कोठे आहे, कसे बंद व चालू करावे, प्रती कोठे आहेत, हे साध्या मराठीत कागदाच्या वहीत लिहून ती वही तिजोरीत ठेवावी, आणि घरातील दुसऱ्या एका व्यक्तीने ती वाचून यंत्र एकवार चालवून दाखवावे. तोवर भाड्याची सेवा बंद करू नये.

हैदराबादेत मुक्त प्रणालींचा प्रसार करणारी ‘स्वेच्छा’ ही संस्था आहे, तेव्हा शिकविणाऱ्यांचा शोध दूरवर घ्यावा लागणार नाही. आपल्या संघटनेच्या कार्यकारी मंडळाने प्रथम स्वतःवरच प्रयोग करावा, अशी आमची सूचना आहे. सभासदांची यादी, सभांची इतिवृत्ते आणि जुन्या स्मरणिकांच्या छायाप्रती कार्यालयातील एका जुन्या संगणकावर चढवाव्यात. दुसरी डिस्क सिकंदराबादेतील एखाद्या सभासदाच्या कपाटात असावी, आणि दर तिमाहीस दोन डिस्कांची अदलाबदल करण्याचे काम चिटणिसांकडे नावानिशी सोपवावे.