पदक दिल्लीचे, हिवताप अहेरीचा

ऑक्टोबरचा पहिला आठवडा उजाडला की स्टॉकहोमहून रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाची घोषणा होते आणि आपल्याकडील इंग्रजाळलेल्या विद्वज्जनांना न्यूनगंडाचा वार्षिक झटका येतो. भारताला नोबेल का नाही, या विषयावर रकानेच्या रकाने भरतात. २००९ मध्ये वेंकटरामन रामकृष्णन यांना हा मान मिळाला तेव्हा याच मंडळींनी ‘आमचा माणूस’ म्हणून ढोल बडविले. वस्तुतः त्यांचे संशोधन केंब्रिजमध्ये झाले होते. या सगळ्या कोलाहलात एक साधा प्रश्न कोणी विचारत नाही. पदक मिळवणारा प्रयोग कोणाच्या दुःखासाठी झाला?

हा प्रश्न विचारणारा देशी पुरस्कार आपल्याकडे होता. तो मिळवणारी स्त्री मराठी होती आणि मराठी घरांतच तिचे नाव आज पुसट झाले आहे. कमला सोहोनी या माहेरच्या भागवत, विदुषी दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्या बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर वर्षभराच्या परीक्षेच्या अपमानास्पद अटींवर त्यांना जागा मिळाली आणि त्यांच्या कामानेच त्या अटी निकालात काढल्या. रामन यांचे मोठेपण हे की त्यानंतर त्यांनी संस्थेची दारे मुलींना उघडली. पुढे केंब्रिजला बटाट्यापासून सुरुवात करून वनस्पतिपेशींतील सायटोक्रोम-सी या घटकाचा शोध आणि १९३९ मध्ये डॉक्टरेट. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या काही भारतीय महिलांपैकी त्या एक.

इथवरची कथा स्त्रीमुक्तीच्या व्यासपीठांवरूनही सांगितली जाते. उत्तरार्ध मात्र सोयीस्करपणे गाळला जातो, कारण तो वनवासी पाड्यावर जातो. परदेशात राहून नाव कमावणे शक्य असताना कमलाबाई स्वदेशी परतल्या आणि गरिबाच्या ताटातील डाळींचे, भाताचे, नीरेचे पृथक्करण करू लागल्या. नीरेवरील काम राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून सुरू झाले. सूर्योदयापूर्वी उतरवलेल्या ताज्या नीरेत अ आणि क जीवनसत्त्वे व लोह चांगल्या प्रमाणात असते, आणि नीरा आटवून केलेल्या ताडगुळातही हे पोषण टिकते, हे त्यांच्या प्रयोगांतून दिसले. कुपोषित वनवासी मुलांना व गरोदर स्त्रियांना नीरा दिल्यावर त्यांची प्रकृती सुधारली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. प्रयोगनळी आणि पाडा यांच्यामध्ये एवढे कमी अंतर असलेले पदक दुसरे दाखविता येणे कठीण. भटनागर पुरस्काराच्या यादीत मात्र कमलाबाई नाहीत. रसायनशास्त्रासाठी तो मिळवणाऱ्या पहिल्या महिला डॉ. असीमा चटर्जी, १९६१ सालच्या. त्यांचेही आयुष्य औषधी वनस्पतींच्या रसायनात गेले, हा योगायोग नव्हे.

आता अहेरीकडे यावे. प्राणहितेच्या काठचे हे गाव गडचिरोली या जिल्हास्थानाहून शंभराहून अधिक किलोमीटरवर. भोवताली आलापल्लीचे सागवान, मोह, तेंदू, बांबू. ज्या झाडांवर असीमा चटर्जींसारख्या शास्त्रज्ञांनी आयुष्य वेचले असते, ती येथे दारात उभी आहेत. रोगही दारात आहे. हिवताप हे या तालुक्याचे आणि एटापल्ली, भामरागडचे जुने दुखणे. २०२३ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांची नवी रचना केली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पहिला ‘विज्ञानरत्न’ जीवरसायनशास्त्रज्ञ गोविंदराजन पद्मनाभन यांना दिला. त्यांच्या संशोधनाचा मोठा भाग हिवतापाच्या परजीवीचे रसायन उलगडण्यात गेला. हळदीतील कर्क्युमिनचाही त्यांनी त्या दृष्टीने अभ्यास केला. निवड उत्तम झाली. परंतु ज्या रोगावरील संशोधनास देशाचे सर्वोच्च वैज्ञानिक पदक मिळाले, त्या रोगाने फणफणणाऱ्या मुलाला त्या संशोधनात उद्या स्वतः उतरण्याची वाट कोठे आहे? विज्ञान शाखेच्या प्रात्यक्षिकाचे गुण ब्युरेटला हात न लावता मिळू शकतात, हे आपल्या शिक्षणव्यवस्थेचे उघड गुपित आहे.

ही वाट अडवणारे कोण, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. चाळीस वर्षांहून अधिक काळ माओवाद्यांनी या अरण्यात रस्ता फोडला, पूल अडवला, वनवासी तरुणाच्या हाती बंदूक दिली. आणि महानगरांतील त्यांच्या बुद्धिवादी पाठीराख्यांनी त्याला क्रांती म्हटले. ज्यांची स्वतःची मुले परदेशी विद्यापीठांत शिकत होती, त्यांना माडिया मुलाने अरण्यातच राहावे हे काव्यमय वाटत होते. अहेरी ते गर्देवाडा एसटी धावायला १ जानेवारी २०२५ उजाडावे लागले! त्याच वर्षी ऑक्टोबरात भूपती सुमारे साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांपुढे शरण आला. बंदूक खाली ठेवलेल्या हातांत आता काय द्यायचे, याचे उत्तर त्या विचारवंतांकडे नाही.

ते आपल्याकडे तरी आहे काय? एसटी सुरू झाली त्याच दिवशी कोनसरीच्या लोहप्रकल्पाचे उद्घाटन झाले. सुरजागडच्या खनिजातील प्राणवायू काढून त्याचे लोह करणे ही निखळ रसायनक्रिया. मध्य भारतातील वनवासी लोहार ती पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या भट्टीत, कोळशाच्या आचेवर करीत आले. त्यांचे वंशज नव्या प्रकल्पात फाटकावरचे पहारेकरी होणार असतील आणि खनिजाचे पृथक्करण करणारा रसायनज्ञ बाहेरूनच येणार असेल, तर विकासाचे श्रेय कोणत्या तोंडाने घ्यायचे?

आपल्याच मंडळींतील एका सवयीविषयीही येथे बोलणे भाग आहे. नागार्जुनाचे नाव घेऊन ‘आमच्याकडे सगळे होतेच’ अशी टाळी घेणे सोपे असते. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास लिहिला तो टाळीसाठी नव्हे. ते स्वतः आयुष्यभर प्रयोगशाळेत उभे होते आणि त्यांनी बंगाल केमिकल्सचा कारखाना उभारला. त्यांनी पुढे आणलेल्या ‘रसेंद्रचिंतामणि’ या ग्रंथाचा कर्ता सांगतो की, केवळ ऐकलेले नव्हे, स्वतः करून पाहिले तेवढेच आपण लिहिले. या कसोटीला आपली किती भाषणे उतरतील?

गोंडवाना विद्यापीठ २०११ पासून गडचिरोलीत आहे. लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था १९४२ पासून नागपुरात आहे. या दोहोंनी मिळून अहेरीत मोहाच्या बियांचे तेल, ताडाची नीरा आणि सुरजागडचे खनिज तपासणारी एक प्रयोगशाळा उभारावी, तीत स्थानिक मुलांना विद्यावेतन द्यावे, आणि खनिजातून जिल्ह्याला मिळणाऱ्या निधीतून तिचा खर्च चालावा. ही मागणी मोठी नाही. पुढल्या अधिवेशनात ती कोण मांडतो, याची नोंद विदर्भातील कार्यकर्त्यांनी ठेवावी.