रक्तातील विळा

ज्वारी कापावयाचा विळा आपल्या घराघरांतून कुडाला खोचलेला असतो. शेतात तो अन्नदाता आहे. परंतु हाच आकार मनुष्याच्या रक्तात उतरला म्हणजे केवढा अनर्थ होतो, हे आदिलाबाद जिल्ह्यातील उटनूर, इंद्रवेल्ली, नारनूर ह्या भागांतील कित्येक गोंड व कोलाम कुटुंबे जाणतात. सिकलसेल ह्या रोगाविषयी आज आम्ही आमच्या वाचकांशी चार शब्द बोलू इच्छितो.

प्रथम निरोगी रक्तपेशीचे कौतुक पाहू. रक्ताच्या एका थेंबात कोट्यवधी तांबड्या पेशी असतात. प्रत्येक पेशी म्हणजे दोन्ही बाजूंनी मध्ये दबलेली एक चकती. अशा सुमारे सव्वाशे चकत्या शेजारी शेजारी मांडल्या तर कोठे एक मिलिमीटर भरेल. तरीसुद्धा शरीरातील काही रक्तवाहिन्या तिच्याहूनही अरुंद असतात. त्यांतून ती जाते कशी? अंग चोरून, वाकून! हे सामर्थ्य तिच्या आवरणात आहे. हॉलंडमधील गोर्टर व ग्रेंडेल ह्या दोघा संशोधकांनी 1925 साली रक्तपेशींतील स्निग्ध द्रव्य काढून पाण्यावर पसरले, तेव्हा त्याने पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा व्यापल्याचे त्यांना आढळले. त्यावरून आवरण दुपदरी आहे असा निष्कर्ष त्यांनी काढला. ह्या आवरणाच्या आतून स्पेक्ट्रिन नावाच्या प्रथिनाचे कोळ्याच्या जाळ्यासारखे लवचिक जाळे असते. त्याच्या बळावर पेशी सुमारे 120 दिवस अखंड सेवा करते.

आता विळ्याकडे वळू. शिकागोचे डॉ. हेरिक ह्यांनी 1910 साली एका रुग्णाच्या रक्तात वाकड्या पेशी पाहिल्याचे प्रसिद्ध केले. दोष पेशीतील हिमोग्लोबिनमध्ये आहे, हे 1949 साली लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. आपल्या देशात 1952 साली निलगिरीच्या आदिवासींत, आणि 1958 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार नागपूरकडेही, हा दोष आढळला. असे सदोष हिमोग्लोबिन प्राणवायू देऊन रिकामे झाले की त्याचे ताठ दोर वळले जातात व ते आवरणाला आतून ढोसतात. त्यामुळे पेशी विळ्यासारखी वाकते. प्राणवायू मिळताच ती पुन्हा सावरते खरी. परंतु हे वारंवार घडले म्हणजे आतील जाळे विसविशीत होते, पाणी व क्षार बाहेर झिरपतात आणि पेशी कायमचीच ताठ व वाकडी राहते. अशी पेशी दहावीस दिवसांतच नष्ट होते. म्हणून रोगी फिकट दिसतो व डोळे पिवळे होतात. तिने वाट अडविली की हाडांसांध्यांत असह्य कळा येतात.

निरोगी आवरण सतत सूक्ष्म थरथरत असते. ही थरथर आज विशेष सूक्ष्मदर्शकांनी मोजता येते, आणि विळ्याच्या पेशींत ती मंदावलेली आढळते. जे लवचिक तेच जिवंत, हा बोध ह्या इवल्या पेशीपासून कोणी घेतला तर आमची हरकत नाही!

परंतु आमच्या मनात आहे ते घरातले लेकरू. कापूस वेचणीच्या दिवसांत आपल्याकडे कडाक्याची थंडी पडते. अशा पहाटे एखादा मुलगा "पाय दुखतात, उठवत नाही" म्हणून रडतो. कोणी त्याला आळशी म्हणते, कोणी भगताकडे नेते. वाचकहो, ते लेकरू ढोंगी नाही व त्याला कोणी करणीही केलेली नाही. थंडी, ताप, अतिश्रम व अंगातील पाणी कमी होणे ह्यांनी त्या कळा उठतात. त्याला उबेत ठेवावे, भरपूर पाणी पाजावे व डॉक्टरांकडे न्यावे. हायड्रॉक्सियुरिया ह्या औषधाने अनेकांच्या कळा कमी होतात. मात्र ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे. ताप, छातीत दुखणे, धाप, पोटाच्या डाव्या बाजूस सूज किंवा एका अंगाची शक्ती जाणे, ह्यांपैकी काहीही दिसल्यास क्षणाचाही विलंब न लावता इस्पितळ गाठावे.

शेवटी लग्नाविषयी. ज्याच्यात हा दोष आईकडून किंवा बापाकडून, असा एकाच बाजूने आलेला असतो, तो वाहक होय. तो बहुधा धडधाकट असतो. परंतु पती व पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याच्या बाबतीत रोगाची शक्यता चारांत एक असते. अशा वेळी एकट्या सुनेला बोल लावणे हा अज्ञानाबरोबर अन्यायही आहे, कारण दोष दोन्हीकडून आलेला असतो. केंद्र सरकारने 1 जुलै 2023 रोजी सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली असून, तीत आदिवासी भागांतील चाळीस वर्षांपर्यंतच्या सर्वांची तपासणी योजिलेली आहे. बोटातून काढलेल्या रक्ताची प्राथमिक चाचणी दोष दाखविते. वाहक कोण व रोगी कोण हे ठरविण्यास मात्र पुढील चाचणी लागते, ती टाळू नये.

कुंडली, हुंडा, शेतीवाडी पाहण्यात आपण दिवसच्या दिवस घालवितो. वधूवरांच्या रक्ताचा एक थेंब बोलणीपूर्वी तपासून घेण्यास तेवढाही वेळ लागत नाही. हे शहाणपण प्रत्येक घराने दाखवावे, एवढीच आमची विनंती.