बियाण्यांच्या गावातली गच्ची

पेरणीच्या तोंडावर देशभरातले शेतकरी बियाण्याची जी पाकिटं फोडतात, त्यांतल्या कित्येकांवर जालन्याचा पत्ता असतो. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे ‘महिको’ ही बियाणे कंपनी उभी केली. सुरुवातीचं त्यांचं नाव झालं ते ‘पुसा सावनी’ भेंडीच्या बियाण्यावर; पुढे १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. अशा गावात आपण भेंडी आणतो मंडईतून, तीही घासाघीस करून!

घरी का लावत नाही विचारलं, तर जागा नाही, हे उत्तर ठरलेलं. मुंबईएवढी जागेची टंचाई तर आपल्याकडे नाही ना? तिथे पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाने गच्चीवर, स्वयंपाकघरातल्याच ओल्या कचऱ्याच्या खतावर भाज्या आणि फळझाडं वाढवली. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर हे गणिताचे शिक्षक; पानावर पडणाऱ्या उन्हाचा हिशेब मांडून थोड्या जागेत किती पिकतं, हे त्यांनी आपल्या ‘प्रयोग परिवारा’तून लोकांना करून पाहायला लावलं.

आपली खरी अडचण पाण्याची. २०१२-१३च्या दुष्काळात टँकरमागे धावलेल्या बाईला ‘गच्चीवर बाग करा’ म्हणून सांगणं ही थट्टाच. म्हणून हिशेब नळापासून नव्हे, मोरीपासून धरावा. तांदूळ-डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी एका बादलीत साठवलं की चार-सहा कुंड्यांची तहान भागते. साबणाचं पाणी पालेभाजीला नको. वर हिरवी जाळी आणि मातीवर पालापाचोळ्याचं आच्छादन हवंच, नाहीतर मे महिन्यात सगळं करपतं. मातीचं म्हणाल, तर जालन्याजवळच्या घाणेवाडीच्या तलावातला गाळ लोकवर्गणीतून उपसला गेला, तो शेतांत पडला. घमेलंभर गच्चीवरही चालेल. मात्र निम्म्याहून जास्त पालापाचोळ्याचं खत मिसळून, कारण नुसता गाळ घट्ट बसतो आणि त्याचा भार स्लॅबवर येतो.

सोव्हिएत मदत आटल्यावर क्यूबाने हवाना शहरातल्या मोकळ्या जागांत भाजी पिकवली, ती गरजेपोटी. आपल्यावर तशी वेळ नाही, म्हणूनच बहुधा आपण हलत नाही. जालना नगरपालिकेची महानगरपालिका झाली, पण ले-आउट मंजूर करताना सोडलेल्या मोकळ्या जागांवर आजही गाजरगवत आणि बांधकामाचा राडारोडा. शोभेच्या झाडांना आमचा विरोध नाही. पण कारंजं आणि सेल्फी पॉइंट यांच्याआधी कॉलनीतल्या बायकांना या जागांवर भाजीचे वाफे का मिळू नयेत?

दिवाळीनंतरची थंडी मेथी-पालकाला मानवते. कोथिंबीर लावायची तर धणे चपलेखाली रगडून दोन फाकी करून घ्या, अख्खे टाकले तर उगवण विरळ होते. या अंकातले लेख, कथा, कविता सवडीने वाचा, ते कुठे पळत नाहीत. वाफ्यांसाठी जागा मागणारा अर्ज मात्र दिवाळीच्या पाडव्यानंतर लगेच महानगरपालिकेला द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.