सांडपाण्यासाठी कर्दळीचा वाफा

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात उन्हाळ्यात अनेक गावांना टँकरने पाणी पुरवावे लागते. आणि गल्ल्यांतून मात्र न्हाणीचे पाणी डास पोशीत वाहत असते. शहराच्या सांडपाण्याने खाम नदीची जी दुर्दशा केली, ती गावओढ्यांची होऊ नये. शौचालयाचे पाणी वगळून इतर सांडपाणी प्रथम लहान हौदात निवळू द्यावे, नंतर कर्दळ वा पाणकणीस लावलेल्या खडीच्या वाफ्यातून न्यावे. घाण पचवितात ते मुख्यतः खडीवर व मुळांवर वाढणारे जीवाणू; म्हणून नुसती कर्दळ लावून भागत नाही. पाणी खडीखालीच राहिले पाहिजे आणि हौदातील गाळ वेळोवेळी काढला पाहिजे. असे पाणी पिण्यास अयोग्यच. परसातील फळझाडांना मात्र ते अवश्य द्यावे. ग्रामकार्यकर्त्यांनी पहिला वाफा स्वतःच्याच परसात करावा.